विमान उतरत नाही, मग वरचं आकाश कुणाचं? बंद विमानतळाभोवतीचं ‘नियंत्रित आकाश’ कसं काढतात?

यवतमाळ शहराजवळ भारीच्या शिवारात एक विमानतळ आहे. ‘जवाहरलाल दर्डा विमानतळ’ असं त्याचं नाव. २००९ मध्ये तो ९५ वर्षांच्या भाडेकरारावर खासगी कंपनीकडे गेला. पण आज यवतमाळच्या माणसाला तिकीट काढून विमानात बसायचं असेल, तर नागपूर नाहीतर अमरावती गाठावं लागतं. यवतमाळहून नियमित प्रवासी विमानसेवा नाही.

या धावपट्टीच्या कुंपणापलीकडे मात्र शेती जोरात सुरू आहे. कापूस, सोयाबीन, तूर. आणि या शेतांवर फवारणीसाठी आता ड्रोन येऊ लागलेत.

इथेच एक प्रश्न उभा राहतो. विमानतळाजवळ ड्रोन उडवायला, उंच इमारत बांधायला, मोबाइल टॉवर उभारायला बंधनं असतात. पण जिथे विमानच येत नाही, तिथे ही बंधनं कशासाठी? विमानतळ बंद पडला की त्याच्यावरचं आकाश आपोआप मोकळं होतं का?

याचं थोडक्यात उत्तर, नाही. आकाश कागदावर बंद केलेलं असतं आणि ते कागदावरच उघडावं लागतं. हे नेमकं कसं होतं, ते समजून घेऊ.

नियंत्रित आकाश म्हणजे काय?

जमिनीचा सातबारा असतो तसे आकाशाचेही कागदोपत्री तुकडे पाडलेले असतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे ‘इकाओ’ने, आकाशाचे सात वर्ग ठरवले आहेत. ‘ए’पासून ‘जी’पर्यंत. यातले ‘ए’ ते ‘ई’ हे नियंत्रित आकाश. ‘एफ’ आणि ‘जी’ हे अनियंत्रित.

नियंत्रित आकाशात हवाई वाहतूक नियंत्रण, म्हणजे आपण ज्याला एटीसी म्हणतो, ती सेवा असते. ‘डी’ वर्गाचं उदाहरण घेतलं, तर तिथे परवानगीशिवाय कुठलंही विमान शिरू शकत नाही. कोण कुठल्या उंचीवर, कुणामागे आणि कधी उतरणार, हे टॉवरमधला नियंत्रक सांगतो.

अनियंत्रित आकाशात असा वाहतूक पोलीस नसतो. वैमानिक डोळे उघडे ठेवून, रेडिओवर आपली जागा सांगत, एकमेकांना टाळत उडतात. तिथेही नियम असतात, फक्त चौकात सिग्नल नसतो.

विमानतळाभोवतीच्या नियंत्रित आकाशाचे साधारण दोन भाग असतात.

पहिला ‘कंट्रोल झोन’. तो थेट जमिनीपासून सुरू होतो. इकाओच्या नियमानुसार विमानं ज्या दिशांनी उतरतात, त्या दिशांना तो केंद्रापासून किमान ५ सागरी मैल, म्हणजे सुमारे ९.३ किलोमीटर पसरलेला असावा लागतो.

दुसरा ‘कंट्रोल एरिया’. तो जमिनीला टेकत नाही. त्याची खालची हद्द जमिनीपासून किमान २०० मीटर वर असते आणि दूर जावं तशी ती उंच होत जाते. स्वयंपाकघरातली उतरंड उलटी टांगली, खाली लहान मडकं आणि वर मोठं, की जो आकार होईल तसा हा सगळा डोलारा दिसतो. दूरवरून येणारं विमान हळूहळू खाली उतरतं, त्या उताराला संरक्षण म्हणून हा आकार.

यात लक्षात ठेवायची गोष्ट ही, की धावपट्टी आहे म्हणून नियंत्रित आकाश तयार होत नाही. ते एटीसीच्या सेवेमुळे तयार होतं. टॉवर आणि नियंत्रक नसलेल्या छोट्या धावपट्ट्यांभोवतीचं आकाश अनियंत्रितच असू शकतं.

विमानतळ ‘बंद’ म्हणजे नेमकं काय?

बोलताना आपण ‘विमानतळ बंद पडला’ असं सहज म्हणतो. पण नियमांच्या भाषेत बंद होण्याचे तीन वेगवेगळे प्रकार आहेत आणि आकाशाचं काय होणार, हे त्यावर ठरतं.

एक, फक्त प्रवासी सेवा बंद. हैदराबादचा बेगमपेट विमानतळ मार्च २००८ मध्ये आणि बेंगळुरूचा एचएएल विमानतळ मे २००८ मध्ये नियमित प्रवासी विमानांसाठी बंद झाला. दोन्ही शहरांना नवे विमानतळ मिळाले. पण बेगमपेटला हवाई दलाची आणि अतिमहत्त्वाच्या व्यक्तींची विमानं उतरत राहिली. एचएएलला लष्करी आणि चाचणी उड्डाणं चालू राहिली. म्हणजे प्रवाशांसाठी बंद, वैमानिकांसाठी चालू. अशा ठिकाणी आकाश मोकळं करण्याचा प्रश्नच येत नाही.

दोन, सेवा कधी रुजलीच नाही, पण धावपट्टी वापरात आहे. यवतमाळ या गटात बसतो. बस स्टँडसारखी रोजची ये-जा नाही, पण नेत्यांची विमानं आणि हेलिकॉप्टर येतात.

तीन, विमानतळ खरोखरच कायमचा बंद. हाँगकाँगचा काई ताक विमानतळ जुलै १९९८ मध्ये बंद झाला आणि त्याच्या जागी नवं शहर उभं राहू लागलं. इथे आकाश पूर्णपणे परत करता येतं.

गोंधळ होतो तो दुसऱ्या गटात. गावकऱ्यांच्या लेखी विमानतळ बंद, सरकारी कागदावर चालू.

आकाश मोकळं करण्याची प्रक्रिया

कायमच्या बंद झालेल्या विमानतळाभोवतीचं नियंत्रित आकाश काढायचं, तर साधारण चार टप्पे लागतात.

पहिला टप्पा म्हणजे सूचना. विमानतळ चालवणारी संस्था नियामकाला कळवते की उड्डाणं थांबली आहेत. भारतात विमानतळाचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देतं. हवाई वाहतूक नियंत्रणाची सेवा प्रामुख्याने भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवतं. भारताच्या आकाशाचा मोठा भाग हवाई दलाच्या वापरातही असतो, त्यामुळे त्यांचं म्हणणं विचारात घ्यावं लागतं.

दुसरा टप्पा म्हणजे तपासणी. हा सगळ्यात महत्त्वाचा. शेजारच्या विमानतळाकडे जाणारा मार्ग याच आकाशातून जातो का? हेलिकॉप्टर किंवा एअर ॲम्ब्युलन्स इथे येतात का? एखादी फ्लाइंग क्लबची विमानं आहेत का? वरून जाणाऱ्या विमानांना याच टॉवरची मदत मिळत होती का? अनेकदा सगळा तुकडा काढत नाहीत. जमिनीला टेकलेला भाग मोकळा करतात आणि वरचा भाग शेजारच्या नियंत्रण केंद्राकडे सोपवतात.

यवतमाळच्या वरचं उंचावरचं आकाश हे याचं चांगलं उदाहरण आहे. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याने चारही दिशांचे हवाई मार्ग या भागात एकमेकांना छेदतात. हा सगळा पट्टा मुंबईच्या उड्डाण माहिती क्षेत्रात येतो. ३५ हजार फुटांवरून जाणारं विमान यवतमाळला उतरणार नसतं, तरी त्याच्यावर नियंत्रकाची नजर असतेच. खालची धावपट्टी उद्या कायमची बंद झाली, तरी वरचा हा रस्ता बंद होत नाही.

तिसरा टप्पा म्हणजे प्रसिद्धी. प्रत्येक देशाची एक अधिकृत हवाई माहिती पुस्तिका असते, तिला एआयपी म्हणतात. आकाशाची हद्द तिथे छापली जाते आणि बदलायची असेल तर तिथेच बदलावी लागते. हे बदल वाटेल त्या दिवशी लागू होत नाहीत. जगभरात दर २८ दिवसांनी येणारी एक ठरलेली तारीख असते. या वेळापत्रकाला ‘एअरॅक’ म्हणतात. बदलाची माहिती संबंधितांच्या हातात किमान २८ दिवस आधी पडावी, म्हणून ती ४२ दिवस आधी पाठवावी असा दंडक आहे.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? विमानाच्या संगणकात नकाशे आणि मार्ग भरलेले असतात आणि तेही २८ दिवसांनी बदलतात. एका वैमानिकाकडे जुना नकाशा आणि दुसऱ्याकडे नवा, असं झालं तर दोघे एकाच आकाशात वेगवेगळे नियम पाळत उडतील.

चौथा टप्पा बहुतेकदा राहून जातो. आकाशाच्या मूळ नोंदीवर आधारलेले इतर कागद बदलणं. ड्रोनचा नकाशा, इमारतींच्या उंचीचा नकाशा, उतरण्याच्या मार्गांचे तक्ते. मूळ नोंद बदलली आणि हे कागद तसेच राहिले, तर आकाश मोकळं होऊनही जमिनीवरच्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट व्हायला हवी. ‘नोटॅम’ नावाची तातडीची सूचना वैमानिकांना रोज मिळते. ‘अमुक विमानतळ इतके दिवस बंद’ हे नोटॅमने सांगता येतं. पण नोटॅम म्हणजे दुकानाच्या दारावर लावलेली पाटी. दुकानाचा परवाना त्याने रद्द होत नाही.

शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध?

यवतमाळ जिल्ह्याने २०१७ चा फवारणीचा हंगाम विसरलेला नाही. त्या वर्षी कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन चालणारा माणूस औषधाच्या फवाऱ्यातच उभा असतो, हे तेव्हा राज्याला दिसलं.

फवारणी करणारा ड्रोन माणसाला त्या फवाऱ्यातून बाहेर काढू शकतो. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली. पुढे ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत देशभरातल्या १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याचं ठरलं. त्यात किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत आहे.

आता हे ड्रोन कुठे उडवता येतात ते बघू. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘ड्रोन नियम, २०२१’ आले आणि पुढच्याच महिन्यात देशाचा ड्रोन नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात तीन रंग आहेत.

हिरवं क्षेत्र: ४०० फूट उंचीपर्यंत उड्डाणाला वेगळी परवानगी लागत नाही.

पिवळं क्षेत्र: संबंधित हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते.

लाल क्षेत्र: केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा रंग, त्याच्या वर पिवळा. त्याहून जवळ आलं की नकाशावर जमिनीपासूनच पिवळा किंवा लाल रंग लागू शकतो. याआधी पिवळ्या क्षेत्राची त्रिज्या ४५ किलोमीटर होती, ती २०२१ मध्ये १२ किलोमीटरवर आणली गेली.

या नियमातला कळीचा शब्द ‘चालू’ हा आहे. नियमात फक्त ‘विमानतळ’ म्हटलेलं नाही, ‘ऑपरेशनल’ म्हणजे चालू विमानतळ म्हटलंय. म्हणून एखादा विमानतळ कागदावर चालू आहे की बंद, यावर आजूबाजूच्या गावांतल्या शेतांचा रंग ठरतो.

समजा, एका बचत गटातली महिला अशाच एखाद्या धावपट्टीपासून ६ किलोमीटरवरच्या कपाशीवर फवारणी करणार आहे. ड्रोन पिकाच्या वर दोन-तीन मीटरवर उडतो. शेजारच्या कडुनिंबाएवढीही उंची तो गाठत नाही. तरी नकाशावर ते शेत पिवळं असेल तर परवानगी लागणारच. आणि धावपट्टीवर टॉवरच नसेल, तर परवानगीसाठी दार कुणाचं ठोठवायचं हा प्रश्न येतो. बोंडअळी मात्र कागदपत्रांसाठी थांबत नाही.

म्हणून धावपट्टी वापरात नसेल तर तिची नोंद वेळेवर बदलणं ही फक्त वैमानिकांची गरज नाही. ती शेतकऱ्यांचीही गरज आहे.

दुसरी बाजूही बघायला हवी. विमान महिन्यातून एकदाच येत असलं, तरी ते येतं तेव्हा धावपट्टीच्या टोकाला ते शंभर-दोनशे फुटांवरच असतं. त्या वेळी समोर २५ किलोचा ड्रोन आला, तर नुकसान विमानाचं आणि त्यातल्या माणसांचं. त्यामुळे ‘विमान येतच नाही’ हे फक्त गावकऱ्यांच्या अनुभवावरून ठरवता येत नाही. ते अधिकृत नोंदीवरूनच ठरायला हवं आणि ती नोंद खरी असायला हवी.

इमारतींची उंची आणि सोलापूरची चिमणी

आकाशाच्या बंधनांचा दुसरा फटका बसतो तो बांधकामांना. २०१५ च्या केंद्रीय नियमांनुसार विमानतळांच्या परिसरात ठरावीक उंचीपेक्षा उंच बांधकामाला ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. नागरी विमानतळांसाठी ते भारतीय विमानतळ प्राधिकरण देतं. त्यासाठी रंगांचे नकाशे असतात आणि महापालिका-नगरपालिका त्यावरून परवानगी देतात.

हे नियम आणि नियंत्रित आकाश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक गेलं म्हणून दुसरं जात नाही. धावपट्टी पुन्हा वापरायची शक्यता असेल, तोवर तिच्या दोन्ही टोकांचा उतार मोकळा ठेवला जातो.

महाराष्ट्रात याचं सगळ्यात ठळक उदाहरण सोलापूर. होटगी रोडच्या विमानतळावर अनेक वर्षं नियमित विमानसेवा नव्हती. जवळच श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी उभी होती. विमानं येत नाहीत ती चिमणीमुळे, असं एक बाजू म्हणत होती. हजारो ऊस उत्पादकांचा कारखाना विमानांसाठी का मोडायचा, असं दुसरी बाजू विचारत होती. वाद कोर्टापर्यंत गेला. अखेर १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडली गेली. विमानसेवा सुरू व्हायला त्यानंतरही जवळपास दोन वर्षं लागली. जून २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याचं विमान उडालं.

सोलापूरवरून एक गोष्ट कळते. विमान नसलेल्या काळातही विमानतळाचं आकाश ‘राखीव’ असतं आणि त्या राखीवपणाची किंमत जमिनीवर कुणीतरी मोजत असतं. काई ताकच्या बाबतीत उलटं घडलं. विमानतळ कायमचा गेला, तेव्हा हाँगकाँगच्या कौलून भागातल्या इमारतींवरची उंचीची मर्यादा सैल झाली आणि तिथली शहराची उभी वाढ सुरू झाली.

मग लगेच मोकळं का करत नाहीत?

कारण एकदा सोडलेलं आकाश परत मिळवणं अवघड असतं.

इंग्लंडमधला डॉनकास्टर शेफील्ड विमानतळ नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. उड्डाणं नाहीत म्हणून त्याच्याभोवतीचं नियंत्रित आकाशही काढून घेतलं गेलं. छोट्या विमानांच्या आणि ग्लायडरच्या वैमानिकांना मोकळं आकाश मिळालं. पुढे तिथल्या महापालिकेने विमानतळ पुन्हा सुरू करायचं ठरवलं. तेव्हा धावपट्टी जागेवर होती, इमारत होती, पण आकाश नव्हतं. ते नव्याने मागण्यासाठी प्रस्ताव, सल्लामसलत, तपासणी हे सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

भारतात ‘उडान’ योजनेमुळे हा विचार आणखी महत्त्वाचा ठरतो. पडून असलेल्या धावपट्ट्या पुन्हा चालू करणं हाच या योजनेचा हेतू. यवतमाळसोबतच भाडेकरारावर दिलेल्या नांदेडला एप्रिल २०१७ मध्ये याच योजनेतून हैदराबादचं विमान मिळालं. शेजारच्या अमरावतीत बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची सेवा सुरू झाली. यवतमाळसह पाच विमानतळ परत ताब्यात घेण्याची भूमिका राज्य सरकारनेही मांडली होती.

म्हणजे यवतमाळच्या धावपट्टीला ‘कायमची बंद’ म्हणायला कुणी तयार नाही आणि ती नियमित सुरूही नाही. अशा ठिकाणी मधला मार्ग निघू शकतो. ठरावीक वेळेपुरतंच आकाश राखीव ठेवायचं. विमान येणार असेल तेव्हा आधी सूचना द्यायची आणि तेवढा वेळ ड्रोन थांबवायचे. एरवी कमी उंचीवरच्या फवारणीला मोकळीक द्यायची. तात्पुरत्या बंदीची तरतूद आजच्या ड्रोन नियमांत आहेच. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी एखाद्या भागाला जास्तीत जास्त ९६ तासांसाठी लाल क्षेत्र जाहीर करू शकतो. सभा, दौरे यांच्या वेळी तिचा वापर होतो. बंदी तात्पुरती करता येते, तर विमानाच्या वेळेनुसार मोकळीकही देता यायला हवी.

तुमच्या शेतावरचं आकाश कसं तपासाल?

‘डिजिटल स्काय’चा ड्रोन नकाशा उघडा आणि आपलं गाव शोधा. रंग बघा. हा नकाशा बदलत राहतो, त्यामुळे मागच्या हंगामात हिरवं होतं म्हणून यंदाही असेल असं धरू नका. प्रत्येक उड्डाणाआधी नकाशा तपासणं ड्रोन चालवणाऱ्यावर बंधनकारक आहे.

ड्रोनची नोंदणी आणि पायलटचं प्रमाणपत्र बघा. फवारणीचे बरेचसे ड्रोन २ ते २५ किलोच्या ‘स्मॉल’ गटात येतात. ते चालवायला प्रशिक्षण घेऊन मिळालेलं रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. भाड्याने ड्रोन बोलावत असाल, तर चालवणाऱ्याकडे ते मागायला संकोच करू नका.

घर किंवा टॉवर बांधायचा असेल, तर नगरपालिकेत उंचीच्या नकाशाबद्दल विचारा. विमानतळावर विमान दिसत नाही म्हणून नियम नाही, असं समजू नका.

हिरव्या क्षेत्रात उडवत असाल आणि विमानाचा किंवा हेलिकॉप्टरचा आवाज आला, तर ड्रोन ताबडतोब खाली घ्या. रंग कुठलाही असो, माणसं बसलेल्या विमानाला वाट द्यायचीच असते.

आणि नोंद चुकीची वाटत असेल, तर लेखी विचारणा करा. आकाशाच्या नोंदी सरकारी आहेत, त्या दुरुस्त होऊ शकतात. फक्त त्या आपोआप दुरुस्त होत नाहीत.